प्रौढ वयातला एडीएचडी: गोळी चालू ठेवावी की आधी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी थेरपी)? (सांगली-मिरज)

हळदीचा_हिशेब
थोरल्या भावाला, वय ३४, एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, उतावळेपणा, अशी मेंदूची अवस्था) निदान झालंय. मार्केट यार्डात अडत पेढीवर हिशेब, ई-वे बिलं आणि जीएसटी बघतो. काम येतं, पण हात घालायला होत नाही. ११ तारखेचा जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) दहाच्या रात्री उघडतो. ॲटोमॉक्सेटिन २५ मिग्रॅ सकाळी एक, असे १२ दिवस झाले. मळमळतं, तोंड कोरडं पडतं, फरक काही नाही. बीपी १३६/८८ आलं. वडिलांचं म्हणणं, डोक्याच्या गोळ्यांची सवय लागते, नुसतं समुपदेशन करा. भाऊ म्हणतो, उपयोगच नाही तर बंद करतो. तर:
१) १२ दिवसांत काहीच कळू नये हे बरोबर आहे का?
२) मिथाइलफेनिडेट जास्त चांगलं म्हणतात, मग तेच का दिलं नाही? परदेशी साइटवर ॲडरॉल (ॲम्फेटामिनचं औषध) वाचलं, ते इथे मिळतं का?
३) गोळीशिवाय नेमकं काय करतात? "वेळेचं नियोजन करा" एवढं सांगू नका, ते त्याला तोंडपाठ आहे.

मनोविकार_ओपीडी
१२ दिवसांवरून निकाल लावू नका. ॲटोमॉक्सेटिन हळू चढतं. पुरेशा डोसवर ४ ते ६ आठवड्यांनी फरक जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला १२ आठवडेही लागतात. आणि २५ हा पुरेसा डोस नव्हे, ती पायरी आहे. प्रौढांत सहसा ४० ने सुरुवात, मग ८०, कमाल १००. मळमळ कमी व्हावी म्हणून बरेच डॉक्टर खालून चढवतात. म्हणजे सध्या त्रास सगळा मिळतोय आणि फायद्याची पातळी अजून आलीच नाही. नेमकं याच टप्प्यावर पुष्कळ लोक औषध सोडतात.

उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळ वाढते. चहाबरोबर नको, पोहे-भाकरी पोटात गेल्यावर घ्या. तरी राहिली तर डोस सकाळ-संध्याकाळ विभागून देता येतो, पण ते डॉक्टरांना विचारून. लघवी अडखळणं, लैंगिक तक्रारी हेही याच औषधाने होतं आणि लाजेपोटी कुणी सांगत नाही. तुम्ही विचारा. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं किंवा आत्महत्येचे विचार येणं, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं.

बीपी: १३६/८८ मध्ये घाबरण्यासारखं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. ॲटोमॉक्सेटिन आणि मिथाइलफेनिडेट, दोन्ही बीपी आणि नाडी थोडी वर नेतात. म्हणून सुरू करण्याआधी, प्रत्येक डोसबदलानंतर आणि पुढे दर ६ महिन्यांनी दोन्ही मोजायचे, वजनही करायचं. औषधाआधीचा आकडा कागदावर आहे का बघा. नसेल तर आजचा १३६ गोळीचा की मुळातला, हे कुणीच सांगू शकणार नाही.

मिथाइलफेनिडेट त्याच दिवशी काम करतं. साधी गोळी ३-४ तास टिकते, लांबवलेली (औषध हळूहळू सोडणारी) ८ ते १२ तास. ब्रिटनच्या नाईस संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी पहिल्या फळीत तेही आहे, ॲटोमॉक्सेटिन नंतर येतं. मग इथे उलटं का? बीपी काठावर असणं, सोबत चिंतेचा आजार असणं, व्यसनाचा इतिहास, किंवा दर महिन्याला औषध मिळेल याची खात्री नसणं, यांतलं काहीही कारण असू शकतं. डॉक्टरांना सरळ विचारा, त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. काचबिंदू, पूर्वी सायकोसिस (भास-भ्रम), किंवा उपचार न घेतलेला बायपोलर (उन्माद-नैराश्याचा आजार) असेल तर मिथाइलफेनिडेट घातक ठरू शकतं. घरात कुणाला बायपोलर आहे का, हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

सवयीबद्दल वडिलांना सांगा की ॲटोमॉक्सेटिनची नशा होत नाही. "डोक्याची गोळी म्हणजे झोपेची गोळी" हे जुनं समीकरण इथे लागू नाही. मिथाइलफेनिडेटचा गैरवापर होऊ शकतो, म्हणून त्यावर कडक कायदा आहे. त्याबद्दल फार्मसीवाले सांगतील.

शेवटचं, निदानाची बाजू. लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून होती का, आणि पेढी सोडून घरीही दिसतात का, हे दोन प्रश्न विचारले गेले असतील तर ठीक. जुनी प्रगतिपुस्तकं असतील तर न्या. "हुशार आहे पण लक्ष नाही" हा शेरा फार कामाचा असतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि घोरणं तपासलंय ना?

काउंटरपलीकडून
मिळण्याचा भाग सांगतो. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीत) येतं, वेष्टनावर लाल अक्षरांत एक्सआरएक्स असतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक मेडिकलवाला ठेवून घेतो आणि २ वर्षं जपतो. त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं, ते प्रत्येक मेडिकलकडे नसतं. तुमच्या कोपऱ्यावरचा "नाही" म्हणाला म्हणजे बंदी आहे असं नाही. व्हिडिओवर डॉक्टरांना हे लिहून देता येत नाही, २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत शेड्यूल एक्सला मनाई आहे. ॲटोमॉक्सेटिनला ती अडचण नाही, ते साध्या चिठ्ठीवर मिळतं. ॲडरॉल इथे विकलं जात नाही. कुणी कुरिअरने देतो म्हणाला तर नाद करू नका, ॲम्फेटामिन एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येतं.

काउंटरवर नेहमी दिसणाऱ्या चुका: लांबवलेली गोळी अर्धी करून घेणं (आतली रचनाच मोडते, ८ तासांचा डोस एकदम सुटतो). ॲटोमॉक्सेटिनची कॅप्सूल उघडून पाण्यात टाकणं (पावडर डोळ्याला झोंबते). सर्दी झाली म्हणून नाक मोकळं करणारी फेनिलेफ्रिनची गोळी मनानेच घेणं, मग बीपी चढलं म्हणून बोंब. अश्वगंधा "नैसर्गिक आहे" म्हणून सोबत चालू ठेवणं. तिनेही क्वचित यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, डॉक्टरांना माहीत तरी असू द्या. दम्याचा पंप असेल तर तोही सांगा. आणि सर्वांत महत्त्वाचं: पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन किंवा ब्युप्रोपिऑन चालू आहे का? ही औषधं ॲटोमॉक्सेटिनचा निचरा रोखतात, रक्तातली पातळी कित्येक पट होते.

वही_आणि_घड्याळ
तिसऱ्या प्रश्नाचं. प्रौढांसाठीची सीबीटी म्हणजे मन मोकळं करणं नव्हे. साधारण १२ बैठका, प्रत्येक वेळी गृहपाठ. समुपदेशक निवडताना आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा आणि पहिल्या फोनवर विचारा, "प्रौढ एडीएचडीसाठी कौशल्यं शिकवता का?" उत्तर "आधी बालपणाबद्दल बोलू" असं आलं तर दुसरीकडे जा.

तुमच्याच जीएसटीआर-१ वर दाखवते. "रिटर्न भरणे" ही नोंद यादीत असेल तर ती कधीच होणार नाही, कारण ते काम नव्हे, कामांचा ढीग आहे. ते असं फोडायचं: २ तारखेला विक्रीच्या पावत्या क्रमाने लावणे. ४ ला न जुळणारे जीएसटी नंबर वेगळे काढणे. ६ ला त्या व्यापाऱ्यांना फोन. ८ ला अपलोड. ९ ला दुसऱ्या माणसाने पाहणे. ११ ही तारीख वहीत लिहायचीच नाही, त्याच्यासाठी शेवट ९ ला. प्रत्येक नोंदीचं पहिलं पाऊल दोन मिनिटांचं आणि हाताने करता येईल असं हवं: "फाइल टेबलावर उघडी ठेव". त्यापुढे २५ मिनिटांचा टायमर, आणि तो मोबाइलमध्ये नको, ओट्यावरचा चावीचा चालेल. मोबाइल उचलला की व्हॉट्सॲप उघडतं.

वही एकच. तीन ॲप, एक डायरी आणि हातावर पेनाने लिहिलेलं, ही व्यवस्था दुसऱ्या आठवड्यात कोसळते. वही बघायची वेळ आधीच जुळलेल्या सवयीला बांधा: पेढीचं कुलूप उघडलं की वही, शटर ओढायच्या आधी वही.

शेजारी माणूस बसवणं सर्वांत स्वस्त. सौद्यांच्या दिवसांत यार्डात लक्ष लागणं अशक्य, म्हणून न जुळणाऱ्या पावत्यांचं काम सौदे सुरू होण्याआधी ४० मिनिटं, कुणीतरी समोर आपलं काम करत बसलेलं असताना. त्याने तपासायचं नाही, टोकायचं तर मुळीच नाही.

बिघडतं कुठे? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नवेपणा संपतो, वही दोन दिवस राहते, आणि "माझ्याच्याने होत नाही" म्हणून सगळं सोडलं जातं. दोन दिवस सुटणार हे आधीच धरून ठेवा. मागचं भरून काढायचं नाही, आजचं पान उघडायचं. व्यायाम आणि झोप पूरक आहेत, पर्याय नव्हेत. पेढीवर दिवसाला सात कप चहा होत असेल तर तो आधी निम्मा करा, छातीत धडधडतं ते गोळीने की चहाने हे कळत नाही.

माझं मत: लक्षणं इतकी तीव्र की गृहपाठच होत नाही, तर आधी औषध, मग सीबीटी. घरच्यांनी "आधी हे, ते नको" असा वाद घालून तीन महिने घालवण्यात अर्थ नाही.

हळदीचा_हिशेब
धन्यवाद. काउंटरवाल्यांचं वाचून भावाला विचारलं. चिंतेसाठी दुसऱ्या डॉक्टरांचं पॅरोक्सेटिन सहा महिन्यांपासून चालू आहे, रात्री एक. नव्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. ते आज रात्रीपासून बंद करू का?

मनोविकार_ओपीडी
नाही, मनाने बंद करू नका. पॅरोक्सेटिन अचानक सोडलं की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके येतात, शिवाय चिंता उसळते. ॲटोमॉक्सेटिनही मनाने वाढवू नका. माझं वरचं डोसचं गणित त्याला जसंच्या तसं लागू नाही. सोबत पॅरोक्सेटिन असेल तर ४० वरच ४ आठवडे थांबतात, सोसत असेल आणि गरज असेल तरच पुढे. मळमळ आणि बीपी दोन्हींचं कारण इथेच असू शकतं. पुढच्या तारखेची वाट न बघता उद्या डॉक्टरांना फोन करा, दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो पाठवा. तोवर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं बसून, चहाआधी बीपी आणि नाडी लिहून ठेवा.

काउंटरपलीकडून
आणि दोन्ही औषधं एकाच मेडिकलमधून घ्या.