चर्चा : आठवी-नववीतल्या मुलांच्या फोनवर इन्स्टाग्राम-स्नॅपचॅट पूर्ण बंद ठेवावं का?

गवाक्ष :
माझं मत सरळ आहे. दहावी होईपर्यंत ही ॲप मुलाच्या फोनवर असूच नयेत. ‘रोज अर्धा तास’ ही मधली वाट मला सगळ्यात वाईट वाटते. अर्धा तास ठरवला की त्यावरून रोज घासाघीस सुरू होते. जे ॲप फोनवर नाहीच, त्यावरून रोज भांडण होत नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांची खाती ठेवायला कंपन्यांनाच मनाई केली. दंड पालकांना किंवा मुलांना नाही, कंपनीला, ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणजे बंदोबस्त घरातच करावा लागणार.

अँड्रॉइडवर तो असा : आपल्या फोनवर फॅमिली लिंक हे गूगलचं पालकांसाठीचं देखरेखीचं ॲप घ्या, मुलाचं गूगल खातं त्याला जोडा. प्ले स्टोअरच्या मंजुरीत ‘सर्व कंटेंट’ निवडा, म्हणजे फुकटचं ॲपसुद्धा तुमच्या होकाराशिवाय उतरणार नाही. मग इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट आणि फेसबुक एकेक करून ब्लॉक करा. नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही, कारण एकदा मंजूर झालेलं ॲप पुन्हा घेताना परवानगी विचारली जात नाही. बहुतेक घरी इथेच फसगत होते.

तांबडं फुटलं :
यातल्या पहिल्याच पायरीला अनेक जण अडकतात. मोबाइलच्या दुकानात फोन घेताना दुकानदाराने घाईघाईत जन्मसाल १९९५ टाकून गूगल खातं उघडून दिलेलं असतं. गूगलच्या लेखी ते मूल तिशीचं, आणि प्रौढाच्या खात्यावर फॅमिली लिंकची देखरेख बसत नाही. आधी खऱ्या जन्मतारखेचं खातं हवं. जुनं खातं फोनवरून काढा, नाहीतर प्ले स्टोअरमध्ये खातं बदललं की सगळं मोकळं.

दुसरं भोक ब्राउझरचं. इन्स्टाग्राम ॲपशिवायही चालतं. फॅमिली लिंकमध्ये क्रोमच्या ब्लॉक केलेल्या साइटींत त्यांचे पत्ते टाका. ही गाळणी फक्त क्रोमला लागू होते, म्हणून ऑपेरा मिनी वगैरे दुसरा ब्राउझर मंजूरच करू नका. ‘अज्ञात स्रोतांकडून ॲप’ आणि ‘डेव्हलपर पर्याय’ दोन्ही बंद ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (प्ले स्टोअरला टाळून ॲप बसवणारी फाइल) थेट बसते. आणि फोनमध्ये सेकंड स्पेस, ड्युअल ॲप्स असली सोय असेल तर तीही बघा. एकाच फोनमध्ये दुसरा फोन लपलेला असतो.

मोरपंखी :
तुम्ही दोघं भोकं बुजवत बसलात, पण मूल त्या भिंतीआड एकटं राहील त्याचं काय? मी पूर्ण बंदीच्या विरोधात आहे, आणि कारण सुरक्षिततेचंच आहे.

बंदी असलेल्या घरातलं मूल मित्राच्या फोनवर खातं उघडतं. तिथे कुणी फोटो मागितला, धमकी दिली, तर ते घरी सांगणार कसं? सांगितलं की आधी ‘तू खातं उघडलंसच कसं’ हा प्रश्न येणार. धमकावणाऱ्याला हेच हवं असतं. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयोगटातल्या ७६ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमं वापरली होती. वापरणाऱ्यांपैकी प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ठाऊक असलेली ६२ टक्के, खातं खाजगी कसं करायचं हे माहीत असलेली ५५ टक्के. पोरं तिथे पोचलीच आहेत, फक्त कडी लावायला शिकलेली नाहीत.

२०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, आणि जुलैत रील्स आल्या. मुलांची सवय गेली का?

माझा पर्याय : तेरा पूर्ण झाल्यावर, खऱ्या जन्मतारखेने, आईवडिलांच्या माहितीत खातं. इन्स्टाग्रामवर १८ खालच्यांचं खातं (‘टीन’ खातं) आता आपोआप खाजगी असतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद. १६ खालच्याला ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. पालकाने स्वतःचं खातं उघडून देखरेख जोडली की गेल्या सात दिवसांत मुलाने कुणाकुणाशी संवाद केला हे दिसतं; काय बोलले ते दिसत नाही. ते दिसू नये असंच मला वाटतं. आणि मुलाला तीन नावं पाठ हवीत : चाइल्डलाइन १०९८, सायबर तक्रारीचा १९३०, आणि ‘टेक इट डाउन’. ही शेवटची फुकट सेवा १८ खालच्यांच्या नग्न फोटोंचा डिजिटल ठसा घेते, आणि त्यावरून सहभागी ॲप तो फोटो ओळखून काढून टाकू शकतात. फोटो फोनमधून बाहेर जातच नाही.

गवाक्ष :
मोरपंखी, धमकीचा मुद्दा मला पूर्ण मान्य. बंदी लावतानाच मुलाला स्पष्ट सांगायला हवं : नियम मोडलास तरी संकटात आधी आमच्याकडे ये, त्या दिवशी नियमाचा विषय निघणार नाही. हे न सांगता लावलेली बंदी मीही अर्धवट मानतो.

पण ‘टीन’ खात्यावर एवढा भरवसा नको. सगळी संरक्षणं जन्मतारखेवर उभी आहेत. त्याच ॲपमध्ये, खोट्या वयाचं दुसरं खातं दोन मिनिटांत निघतं, आणि तुम्ही शिस्तीत पहिलंच खातं तपासत राहता. (उजव्या कोपऱ्यातलं खालचं चित्र दाबून धरलं की त्या फोनवर जोडलेली सगळी खाती दिसतात.) आणि खाजगी खात्यालासुद्धा रील्सचा न संपणारा ओघ तसाच. माझा मूळ आक्षेप अनोळखी माणसांपेक्षा त्या ओघावर आहे. झोप त्याने जाते.

पाटीपेन्सिल :
तुम्ही सगळे मुलाचा स्वतःचा फोन धरून चाललात. खूप घरांत फोन आईचा असतो, आणि संध्याकाळी तो मुलाच्या हातात जातो. मग फॅमिली लिंक कुणाच्या खात्याला लावणार? आईचं खातं प्रौढाचंच आहे. त्याहून वाईट म्हणजे मूल आईच्याच इन्स्टाग्रामवर रील्स बघतं, म्हणजे अल्पवयीनांसाठीचं एकही संरक्षण लागू नाही.

अशा घरी हे करा. एक, आईने आपल्या फोनवर ही ॲप ठेवायचीच असतील तर ॲप लॉक लावा, आणि त्याचा पिन फोनच्या पिनपेक्षा वेगळा. फोनचा पिन मुलाला माहीत असतोच, कारण पैसे पाठवायचे झाले की त्यालाच हाक मारतात. दोन, सुरक्षा सेटिंगमध्ये मुलाच्या बोटाचा ठसा नोंदलेला असेल तर काढा. तीन, अभ्यासाचा व्हिडिओ बघायला देताना ॲप पिनिंग वापरा : ते एकच ॲप पडद्यावर अडकून राहतं, बाहेर पडायला पिन लागतो (तो पर्याय चालू हवा). पण तो फोनचाच पिन, म्हणून मुलाला माहीत असेल तर आधी बदला. काही फोनमध्ये दुसरा वापरकर्ता जोडता येतो. ती सोय असेल तर सर्वांत उत्तम.

तांबडं फुटलं :
आयफोनवाल्यांसाठी. स्क्रीन टाइमचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा. ‘कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्स’मध्ये ॲप इन्स्टॉल करणं बंद केलं की ॲप स्टोअरच दिसेनासं होतं. वेळेची मर्यादा लावत असाल तर ‘ब्लॉक ॲट एंड ऑफ लिमिट’ चालू असलंच पाहिजे, नाहीतर मुलाला ‘दुर्लक्ष करा’ असं बटण मिळतं. वेबसाठी इन्स्टाग्रामचा पत्ता ‘नेव्हर अलाउ’त टाका.

राउटरवर लावलेल्या बंदीवर विसंबू नका. मोबाइल डेटा चालू केला की राउटर गेला उडत. क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.३ हा डीएनएस (साइटींचे पत्ते शोधून देणारी सेवा) अश्लील साइटी अडवतो, इन्स्टाग्राम नाही. तो लावून निर्धास्त झालेले पालक बरेच.

मोरपंखी :
आणि व्हॉट्सॲप? शाळेचा गृहपाठच ग्रुपवर येतो, ते काढता येत नाही. निदान सेटिंग, प्रायव्हसी, ग्रुप्स इथे ‘माझे संपर्क’ करा, म्हणजे अनोळखी माणूस मुलाला ग्रुपमध्ये ओढणार नाही.

पाटीपेन्सिल :
अजून एक उदाहरण दोघांसमोर ठेवते. २०२२ च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने १८ खालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला : दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, आणि हे मोठ्यांनाही लागू. मला दुसरी रीत पटते. एकट्या मुलाचा फोन काढून घेतला तर वर्गातली सगळी गंमत त्याला सोडून होते, आणि घरात बाबा मात्र सोफ्यावर रील्स बघत असतात. गवाक्ष, तुमच्या बंदीला माझा विरोध नाही, पण ती एका घराची नको. वर्गातल्या पाच-सहा पालकांनी मिळून एकच तारीख ठरवा, ‘नववीची परीक्षा होईपर्यंत कुणाकडेच नाही’.

गवाक्ष :
हे पटलं. पालकसभेत हा विषय काढायला जूनचा पहिला आठवडा बरा, नवीन फोन त्याच सुमारास घेतले जातात. आणि रात्री दहानंतर फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात, मोठ्यांचेही, एवढं मी माझ्या यादीत वाढवतो. मोरपंखी, खातं तेराव्या वर्षी की दहावीनंतर, यावर मात्र आपलं जमणार नाही.

मोरपंखी :
नाहीच जमणार. पण जन्मतारीख खरी टाकायची, यावर जमलं की.