गॅरेजातल्या गरम खोलीच्या भिंतींना काय लावावं? थर्मोकोल, रॉकवूल की माडाच्या चुडतांच्या झापा?

फोंड्याचा पुडीवाला
गाडी विकली, गॅरेज रिकामं झालं, म्हणून तबला-पखवाज आणि घुमटांच्या (आपलं मातीचं, चामडं मढवलेलं वाद्य) दुरुस्तीचं काम तिथे हलवलं. १८ बाय १० फुटांची खोली, ९ इंची चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर पत्रा. गोव्यात खोली गरम करतो म्हटलं की लोक हसतात. पण आषाढ-श्रावणात तबल्यावरच्या काळ्या शाईचा थर वाळता वाळत नाही, चामड्याला बुरशी धरते, आणि गणेश चवथीच्या घुमटांची गर्दी नेमकी तेव्हाच. मग बाहेर २५ अंश असले तर आत ३२ ठेवतो, रोज बारा तास हिटर. बिल बघून बायको विचारते, घुमटं दुरुस्त करता की वीज जाळता? आतून दोन इंच थर्मोकोल लावून वर प्लाय ठोकावा असं मनात आहे. बोला.

थंड डोकं
माझी हयात शीतगृहांच्या भिंती भरण्यात गेली. बिनधास्त लाव, फक्त थर्मोकोलऐवजी एक्सपीएसच्या (त्याच जातीच्या, पण घट्ट फोमच्या) पाट्या घे, त्या पाणी पीत नाहीत. ढोबळ हिशेब सांगतो. तुझ्या भिंती साधारण ४७ चौरस मीटर. ७ अंशांच्या फरकाला त्यांतून ८०० वॉटच्या आसपास उष्णता बाहेर जाते. दोन इंची पाटी लावलीस की दोनशेच्या आत येईल. बारा तासांत सात युनिटं वाचली.

चिरा आणि चुना
काका, शीतगृहाची भिंत चिऱ्याची नसते हो. चिरा सच्छिद्र. पश्चिमेच्या झोडपणाऱ्या पावसात भिजला की दिवाळीपर्यंत ओल सोडत नाही. आज ती ओल आतल्या बाजूने थोडीफार उडून जाते. पाटी आणि प्लाय ठोकलात की ती मध्येच कोंडणार. आमच्या मामांनी डिचोलीला हॉलच्या भिंतीला प्लाय मारला होता. तिसऱ्या पावसाळ्यानंतर एक फळी काढली तर मागे वाळवीचे मातीचे रस्ते, अगदी चौपदरी!

थंड डोकं
दोष प्लायचा, बोल पाटीला. सिमेंट बोर्ड लावा.

चिरा आणि चुना
वाळवी ती पाटी खात नाही, पण तिच्यातून वाट काढते. आणि सिमेंट बोर्डामागे काय चाललंय ते वर लाकडी वाशापर्यंत पोचेतो कळायचंसुद्धा नाही.

म्हापशेकर
पुडीवाले बाब, हिटर आणि उघडा थर्मोकोल एका खोलीत नकोच. पेटला तर काळा धूर आधी मारतो. रॉकवूल घ्या, दगडाच्या तंतूंची लोकर. जळत नाही, शिवाय रात्री ठाकठोक केलीत तरी शेजारी ओरडणार नाहीत. थर्मोकोलने आवाज अडत नाही.
आणि एक विनंती. कॅनडातले व्हिडिओ बघून आतून प्लास्टिक ताणू नका. तिथे बाहेर बर्फ असतो, घरातली वाफ थंड भिंतीकडे धावते, म्हणून प्लास्टिक आतल्या बाजूला. आपल्याकडे एसी लावला की वाफ बाहेरून आत येते. त्या प्लास्टिकच्या पाठीला घाम सुटेल.

चिरा आणि चुना
प्लास्टिकचं शंभर टक्के मान्य. पण ओल्या चिऱ्याला टेकलेलं रॉकवूल म्हणजे भिजलेली गोधडी. खाली बसतं, आणि भिजलं की उष्णताही अडवत नाही.

काणकोणची
इतकी भांडणं, आणि छपराकडे कोणी मान वर करून बघितलंय का? पत्रा १७ चौरस मीटर, भिंतींच्या निम्माही नाही. पण तो उघडाच असेल तर त्यातून जवळपास भिंतींएवढीच उष्णता जाते. शिवाय पावसात पत्रा गार पडला की आतून घाम येतो आणि थेंब थेट तबल्याच्या पुडीवर, म्हणजे चामड्यावर.
दुसरं, हिटर पाणी काढत नाही. २५ अंशांची ९० टक्के दमट हवा ३२ वर नेली की दमटपणा ६० टक्क्यांवर दिसतो, पण वाफ तेवढीच असते. हवेची तहान वाढली इतकंच. त्यात भिंत ओली असेल तर ती तहान भिंतच भागवते, शाई मागे राहते. डीह्युमिडिफायर पाणी खरोखर बादलीत काढतो, वर खोलीही थोडी गरम करतो.

फोंड्याचा पुडीवाला
ताई, भिंत तहान भागवते हे वाचून चमकलो. पश्चिमेच्या भिंतीजवळचे तबले नेहमी उशिरा वाळतात, आणि मी समजायचो हिटर लांब आहे म्हणून.
डीह्युमिडिफायरला खोली बंद हवी. माझ्याकडे दिवसभर माणसं. एक जण तबल्याची वादी (चामड्याची पट्टी) ओढून घ्यायला येतो, दुसरा नुसता गप्पांना. दार उघडंच असतं.

चिरा आणि चुना
मग आधी बाहेरून भिंत वाचवा. जुनी माणसं पावसाआधी चुडतांच्या झापा विणून पश्चिमेच्या भिंतीला बांधायची, ती हौस म्हणून नव्हे. आणि पत्र्याची पावळी, म्हणजे छपराची कड, दोन-अडीच फूट पुढे काढा.

थंड डोकं
झापा दर वर्षी नव्या. पाटी एकदाच.

फोंड्याचा पुडीवाला
ठरलं. पत्र्याखाली रॉकवूल आणि खाली सिमेंट बोर्डाचं सीलिंग, पत्रा आणि रॉकवूल यांच्यामध्ये हवेला वाट ठेवून. पश्चिमेला पावळी आणि झापा. उत्तरेची भिंत पोर्चच्या आड आहे, कधी भिजत नाही. तिथे काकांची एक्सपीएस पाटी, वर सिमेंट बोर्ड. बाकी दोन भिंती यंदा तशाच.

थंड डोकं
चारांतली एकच भिंत? अर्धी दाढी करून बाजारात जाण्यातला प्रकार.

चिरा आणि चुना
बोर्ड स्क्रूने लावा. पुढच्या दसऱ्याला एक उघडून मागचा फोटो टाका, काकांना बघू दे.