हिशेबाला खेळाची जोड दिली तर बचत वाढते का?

शहापूरकर: खर्च लिहायच्या ॲपमध्ये हल्ली सलग दिवसांची साखळी, गुण, बिल्ले असतात. माझ्या मते हे हवंच. बजेट मोडतं ते लिहायच्या कंटाळ्यानं. साखळी तुटेल म्हणून माणूस झोपताना का होईना, चहाचे पैसे टिपतो. मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याची बोच मोठी, हे कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय.

वडगावचा माग: दादा, पगारदाराला जमेल ते. आमची मजुरी आठवड्याची, सूत आलं नाही की माग बंद. मग 'आठवड्याला पाचशे बाजूला' कुठून काढायचे? ॲप मात्र लाल रंग दाखवून मोकळं. दोनदा लाल दिसलं की माणूस ॲपच काढून टाकतो, हिशेबही सुटतो.

खानापूरची सून: बक्षीस कशावर मिळतंय ते आधी बघा की. पेमेंट ॲपचं स्क्रॅच कार्ड पैसे दिल्यावर मिळतं, राखल्यावर नाही. त्यापेक्षा आमची भिशी बरी. चिठ्ठी कुणाची निघणार ही उत्सुकता आहेच, पण हप्ता चुकला तर बाकीच्या बायका तोंडावर विचारतात. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार आले की भिशीचे पहिले बाजूला पडतात.

शहापूरकर: ताई, हे तर माझ्याच बाजूचं झालं! ब्रिटनमध्ये १९५६ पासून प्रीमियम बाँड आहेत. व्याजाऐवजी सोडत, मुद्दल सुरक्षित. खेळ बचतीवरही लावता येतो.

निपाणीचे काका: मला पिग्मीच पटते. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये काढलेली योजना. एजंट दुकानात येतो, मी गल्ल्यातून पन्नास काढून देतो, तो नोंद करतो. बिल्ला नाही, घंटी नाही, विचार करायलाही वेळ नाही.

वडगावचा माग: काका, आणि धंदा बसला त्या दिवशी वीस दिले तरी तो घेतो. ॲपवाल्यांनी हे शिकावं. लक्ष्य रुपयांत नको, हातात येईल त्याचा दहावा हिस्सा ठेवा. साखळी मोजायची तर लिहिण्याची मोजा, बचतीची नको.

खानापूरची सून: लिहिण्याची साखळी मलाही चालेल. पण कुणाचे गुण किती, ही क्रमवारी ओळखीपाळखीत दाखवू नका. वर्गणी असो की लग्नाचा आहेर, आपल्याकडे खर्च चारचौघांत उठून दिसावा म्हणूनच वाढतो. बचतीत तीच चढाओढ लागली तर लोक खोटे आकडे भरतील.

शहापूरकर: मग चढाओढच नको. नवरा-बायकोची मिळून एकच साखळी ठेवा. एक विसरला तर दुसऱ्यानं लिहायचं.

खानापूरची सून: ते लिहायचं काम बायकोवरच येऊन पडणार, दादा. साखळी दोघांची वेगवेगळीच हवी.