मदत हवी आहे: ट्रॅकच्या पोर्शे ९१४ मध्ये चार सिलिंडरचं मूळ इंजिन (फोर) ठेवू की सहा सिलिंडरचं (सिक्स) बसवू?

मंडळी, गाडी १९७३ ची पोर्शे ९१४, २.० लिटर. फक्त ट्रॅक डेसाठी, वीस-वीस मिनिटांची सेशन्स. इंजिन खोललेलंच आहे, त्यामुळे निर्णय आत्ताच हवा.

फोर ठेवलं तर ९६ मिमी पिस्टन, ७१ मिमीचा मूळ क्रँक, म्हणजे २०५६ सीसी. वर दोन वेबर ४० आयडीएफ कार्ब्युरेटर. स्वस्त आणि हलकं. धास्ती तेलाची आहे. वेट संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळातच, जेमतेम साडेतीन लिटर. लांब वळणात तेल एका बाजूला चढतं, तेल खेचणारा पिकअप हवा ओढतो, प्रेशरचा काटा पडतो आणि रॉड बेअरिंग जातात. खोल संप लावला तर कर्बवर आपटणार. अ‍ॅक्युसम्प (प्रेशर पडलं की साठवलेलं तेल इंजिनात ढकलणारी टाकी) खरंच पुरतो का? एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट गरम होऊन सुटतात, ते दुखणं वेगळंच.

पोर्शे ९११ चं सिक्स ड्राय संप, तेल वेगळ्या टाकीत, म्हणजे ही कटकट मिटली. पण तेलाची टाकी, नाकात कूलर, तिथवर होज, माउंट, फ्लायव्हील, एक्झॉस्ट... किरकोळ म्हणता म्हणता इंजिनाएवढा खर्च. ९११ चं २.७ लिटर नकोच, मॅग्नेशियम केसमधून हेड स्टड (हेड आवळून धरणारे बोल्ट) उपटतात. अ‍ॅल्युमिनियम केसचं ३.० लिटर बघतोय, टायमिंग चेन ताणून धरणारे टेन्शनर ३.२ लिटर इंजिनाचे, तेलाच्या प्रेशरवर चालणारे (प्रेशर-फेड) लावून.

आणखी दोन प्रश्न. ३.० चा टॉर्क मूळ साइडशिफ्ट (बाजूने गिअर बदलणारा) गिअरबॉक्स किती काळ सोसतो? आणि बॅटरीखालचा उजवा लाँगिट्यूडिनल (बॉडीचा लांबीतला मुख्य आधार) गंजलाय. पत्रा बदलतानाच बॉडी मजबूत करणारं स्टिफनिंग किट वेल्ड करावं, की इंजिन एकदा बसवून बघून मग?