एसएमएसचा ओटीपी, ॲप की अंगठा? (आणि तुमचा नंबर नेमका कुणाकडे?)

जिनिंगवाला_धरणगाव: काल 'शिरपूरचा_भाऊ' यांनी लिहिलं, "धंद्याच्या खात्याला पासवर्ड अन् एसएमएसचा ओटीपी बस झाला, बाकी पुण्या-मुंबईचे चोचले." रात्रभर डोक्यात घोळत होतं.

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या फोनची रेंज गेली. आपल्याकडे रेंज जाणं ही काय बातमी आहे का? सरकीच्या ढिगावर बसून दोनदा बंद-चालू केला, नाद सोडला. तिसऱ्या दिवशी कळलं, माझ्याच नंबरचं दुसरं सिम कुणीतरी काढलं होतं. ओटीपी त्याच्याकडे! त्याने आधी मेल उघडला, मग विक्रीचं खातं, मग पैसे जमा व्हायचा बँक नंबरच बदलला. 1930 ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन लावेपर्यंत विक्रीच्या पैशांचा एक हप्ता गेला होता. ऑथेंटिकेटर ॲपचा (लॉगिनचा कोड दाखवणारं ॲप) कोड फोनमध्येच बनतो, सिमशी संबंध नाही, रेंजही लागत नाही. आता बोला.

शिरपूरचा_भाऊ: वाईट झालं. पण माझ्या शालकाचा फोन शेततळ्यात गेला, त्यात तुमचं ते ॲप. सतरा दिवस मेल बंद. माझा ओटीपी नव्या सिमवर दोन दिवसांत आला असता.

जिनिंगवाला_धरणगाव: हो, दोन दिवसांत. चोरालाही तेवढेच लागले.

केळीबाग_रावेर: दोघंही जुन्यात अडकलात. खोट्या पानावर तुम्ही ओटीपी टाका की ॲपचा कोड, दोन्ही जातात. पासकी (पासवर्डऐवजी फोनचं कुलूप उघडून लॉगिन) खऱ्या पत्त्यावरच चालते. माझा मेल तसाच उघडतो.

शिरपूरचा_भाऊ: अंगठ्याने ना? केळीच्या चिकाने काळे झालेले अंगठे रेशनच्या मशीनवर उमटत नाहीत, अन् इथे उमटतील म्हणे.

केळीबाग_रावेर: फोनचा पिन टाका की भाऊ. अंगठ्याची सक्ती कुणी केली?

चटई_जळगाव: मूळ दुखणं वेगळंच आहे. माझ्या जीएसटी खात्याला नंबर आमच्या सल्लागाराचा! 1 एप्रिल 2025 पासून ई-वे बिलाच्या (ट्रकमधल्या मालासोबत लागणारा ऑनलाइन कागद) लॉगिनला सगळ्यांनाच ओटीपी लागतो. रात्री अकराला ट्रक भरून उभा, ड्रायव्हर चहावर चहा पितोय, अन् साहेब लग्नात. खातं माझं, मी मात्र पाहुणा.

करसल्लागार_भुसावळ: आमच्यावरच घसरा! नोंदणीच्या वेळी "तुमचाच टाका, मला मेसेज वाचायचा कंटाळा" कोण म्हणतं? पासवर्ड दुकानाच्या नावापुढे 123. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, वीस तारखेला रात्री नऊला फोन करता, वर आम्हीच चोर?

चटई_जळगाव: चोर म्हटलं नाही. माझा नंबर लावा म्हटलं तर "पुढच्या महिन्यात करू". तीन 'पुढचे महिने' झाले.

करसल्लागार_भुसावळ: मग कागद घेऊन तुमच्या हद्दीतल्या कर अधिकाऱ्याकडे जा. मेल-मोबाइल तिथून बदलून मिळतो, 2018 पासून. अन् ई-वे बिलाला मुनीमजींना सब-युजर करा (तुमच्याच खात्यावर त्यांचं वेगळं लॉगिन), ओटीपी त्यांच्या मोबाइलवर जाईल. रेंज नसेल तर कोड देणारं एनआयसी-जीएसटी-शिल्ड ॲप आहे. फुकट सांगितलं, बिल लावत नाही.

चटई_जळगाव: उपकार झाले. हे तीन महिन्यांपूर्वी आमच्या साहेबांना सुचलं असतं तर!

शिरपूरचा_भाऊ: बरं बुवा, मेलला तरी ॲप लावतो. जिनिंगवाले झोपतील तरी. पण पुन्हा शेततळं झालं तर?

जिनिंगवाला_धरणगाव: गूगल दहा बॅकअप कोड देतं, कागदावर उतरवून तिजोरीत ठेवा. मुनीमच्या हाती लागू देऊ नका.

शिरपूरचा_भाऊ: तिजोरीची चावी मुनीमकडेच असते भो.