युद्धाच्या दिवसांत घरी काय चालायचं? (अनुभव धागा)

गिरगावकरीण
७ मे २०२५ला मॉक ड्रिलचा भोंगा वाजला आणि नातीने विचारलं, "आजी, हे काय?" तेव्हापासून लिहायचं मनात होतं. ३ डिसेंबर १९७१. संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि आमच्या चाळीत अंधार झाला. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद, तोही खळीने डकवलेला. मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. आई दिवस मावळायच्या आत पिठलं-भात करून स्टो विझवायची. वरखाली होत जाणारा भोंगा म्हणजे धोका, एकसुरी लांब भोंगा म्हणजे धोका टळला. तिसऱ्या मजल्यावरचे सगळे तळमजल्यावर यायचे, कधी नव्हे ते दारं सताड उघडी. खालच्या काकू अंधारातच चहा द्यायच्या, कोणाचा कप कोणाकडे गेला कळायचं नाही. शाळेत पालथं झोपून कानात बोळे घालायला आणि दातांत रुमाल धरायला शिकवलं होतं.
तुमच्याकडे काय होतं? सैन्यातल्या घरांनी तर नक्की लिहा.

मधली_आळी
रुमाल! आम्हाला पेन्सिल धरायला सांगितलेली. चावून चावून तिचा भुगा.

सातारा_खालचं_गाव
आमच्याकडं भोंगा नव्हता. आमच्याकडं पोस्टमन होता.
चुलते मराठा लाइट इन्फन्ट्रीत, पूर्वेला. पत्त्यात गाव नाही, नुसतं ९९ एपीओ, म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय. पोस्टमनची सायकल वेशीत दिसली की आजी हातातलं काम टाकून उभी राहायची. कार्ड असलं तर बसायची. तार कुणाचीही असो, वाचायच्या आधी आख्ख्या आळीत रडारड. एकदा शेजारच्या घरी तार आली, बायका ऊर बडवायला लागल्या, मास्तरांनी उघडून वाचली तर सुनेला माहेरी मुलगा झालेला! सगळ्या रडतच हसल्या आणि त्याच रात्री गूळ वाटला.
चुलते पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होते, मराठ्यांच्या पहिल्या बटालियनीत, जंगी पलटणीत. लढाईचं कधी बोलले नाहीत. विचारलं की ओले बूट आणि शक्करपारे, एवढंच. मरेपर्यंत शक्करपाऱ्याला हात लावला नाही. आजी दिवाळीला मुद्दाम करायची, ते ताट सरकवायचे. तिला कधी कारण सांगितलं नाही.

गडहिंग्लजची_सून
९९ वाचून काटा आला. आमचं ५६.

पुणे३०
आजी, खळ मैद्याची की कणकेची? आमच्या घरी कणकेची होती, झुरळांनी आठवड्यात कागद खाल्ला.

गिरगावकरीण
मैद्याची, मोरचूद घालून. आई मुलांना हात लावू द्यायची नाही.

लोकर
माझी आठवण १९६२च्या चीन युद्धाची. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री" असं जो तो म्हणायचा. आमच्या वर्गात मुली खाकी लोकरीचे मोजे विणायच्या. बाई टाच तपासायच्या, गाठ राहिली तर जवानाच्या पायाला फोड येईल म्हणून उसवायला लावायच्या. आईने संरक्षण निधीला पाटली दिली. एकच. दुसरी माझ्या लग्नात मला दिली, आजही हातात आहे. १९६५ला शास्त्रीजींनी सांगितलं तसं सोमवारी रात्री चूल बंद. आम्ही भावंडं साबुदाणा मागायचो, वडील म्हणायचे उपास म्हणजे उपास.

कोकणी_पोर
बाबा नौदलात. ९ डिसेंबर १९७१ला दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आईला बाबांच्या जहाजाचं नाव माहीत होतं, पण ते कुठे आहे ते नाही. रेडिओवर बातमी आली तरी ती रेडिओपासून हलेना, जणू पुढच्या वाक्यात बाबांचं नाव येईल. आमचे बाबा आले. वाडीतल्या दुसऱ्या घरातले आले नाहीत. त्या घराच्या अंगणावरून जाताना आई आजही पदर सारखा करते.

मधली_आळी
🙏 काय लिहू.

तिकीटवेडा
जरा वेगळं. १५ नोव्हेंबर १९७१पासून पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, पूर्व बंगालमधून आलेल्या शरणार्थींच्या मदतीसाठी. युद्ध संपलं तरी ते चालू होतं. जुन्या पाकिटांवर आहे का बघा, आणि पाकिटावरून तिकीट काढू नका, पाकिटासकट जपा.

गडहिंग्लजची_सून
आता बसले. पोळ्या झाल्या.
१९९९. हे तोफखान्यात, द्रासला. बाळ पाळण्यात. टीव्हीवर सारखं कारगिल, सासूबाईंना बघवेना म्हणून सासऱ्यांनी केबलची वायर काढून खिशात ठेवली. मग मी दुपारी शेजारी जाऊन बघायची. पत्रं उलटसुलट यायची. पंधरा दिवसांपूर्वीचं आज, त्याआधीचं परवा. "काल खूप पाऊस झाला" असं लिहिलेलं वाचायचं आणि तो काल होऊन किती दिवस झाले ते मोजायचं. एसटीडी बूथवाले काका रात्री बूथ उघडा ठेवायचे, कुणाचा फोन आला तर पोरगं धावत पाठवायचे, पैसे घेत नव्हते. एकदा यांचा फोन आला, आवाज फुटत होता, मी नुसतं "बाळाला दात आला" एवढंच सांगू शकले आणि लाइन गेली.
दिवाळीला रजेवर आले. पलंगावर झोप लागेना, जमिनीवर झोपायचे. पहिला सुतळी बॉम्ब वाजला तसे बाळाला घेऊन कोपऱ्यात बसले. आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्या वर्षी एकही फटाका उडवला नाही. कुणी सांगितलं नव्हतं.

सातारा_खालचं_गाव
वैनी, त्या पोरांना माझा रामराम. यजमान आता कसे आहेत?

गडहिंग्लजची_सून
बरे आहेत भाऊ. शेतावर असतात. बाळ आता भरतीच्या वयाच्या पुढे गेलं, इंजिनीयर आहे. सासूबाईंनी एकालाच पाठवणार असं आधीच सांगून ठेवलं होतं.

पुणे३०
लोकर ताई, पाटलीचा फोटो टाकता का?

लोकर
मुलगी संध्याकाळी आली की काढून टाकते. मला फोटो चढवता येत नाही, तिला येतो.

मधली_आळी
कोणाकडे १९६५च्या पठाणकोटकडच्या आठवणी आहेत का? मामा तिकडे होते, त्यांना विचारून लिहितो. हल्ली कमी ऐकू येतं, समोर बसूनच विचारावं लागेल.