मदत हवी आहे: स्केलेटोनेमाचं कल्चर पाचव्या दिवशी बसतं

शेवाळी
नमस्कार मंडळी. पीएचडीचं काम आहे. गोव्यातल्या झुआरी नदीच्या मुखातून वेगळा केलेला स्केलेटोनेमा (साखळ्यांनी वाढणारा डायटम, म्हणजे सिलिकाचं कवच असलेलं एकपेशीय शेवाळ) २८ आणि ३२ अंशांवर वर्षभर वाढवून तो उष्णतेला उत्क्रांतीने कसा सरावतो ते पाहायचंय. माध्यम एफ/२ (समुद्राच्या पाण्यात पोषक क्षार घालून केलेलं), १२ तास उजेड, १२ तास अंधार, दर सातव्या दिवशी १:२० नवं कल्चर. चार दिवस छान वाढ, पाचव्या दिवशी फ्लुओरेसन्स (हरितद्रव्याची चमक, त्यावरून वाढ मोजते) सपाट, मग साखळ्या तुटून तळाला तपकिरी गाळ. ३२ अंशांवर हेच एक दिवस आधी. नायट्रेट मोजलं तर भरपूर शिल्लक! ऑटोक्लेव्हनंतर (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्यावर) बाटलीत पांढुरका साका दिसतो, त्यामुळे असेल का?

खारटपाणी
क्षार आधीच घालून ऑटोक्लेव्ह करताय ना? त्या उष्णतेत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो, आणि कार्बोनेटबरोबर फॉस्फेट, लोहही खाली बसतं. नुसतं समुद्राचं पाणी ऑटोक्लेव्ह करा, रात्रभर निवू द्या. पोषकांचे साठे (दाट द्रावणं) ०.२ मायक्रॉनमधून गाळून एकेक घाला, दर वेळी हलवून. सिलिकेट शेवटी, थेंबाथेंबाने.

पण साका गेला तरी कल्चर बसेलच. एफ/२ मध्ये नायट्रेट ८८२ मायक्रोमोलर, सिलिकेट फक्त १०६. डायटमला दोन्ही साधारण सारखीच लागतात, म्हणजे नायट्रेटचा जेमतेम आठवा हिस्सा वापरून होतो तोवर सिलिकेट खलास. नायट्रेट मोजून हे कळणारच नाही. खात्री करायची तर सपाट झालेला फ्लास्क तीन भागांत वाटा: एकात फक्त सिलिकेट (सोडियम मेटासिलिकेट नॉनाहायड्रेट, लिटरला ३० ग्रॅमचा साठा, लिटरमागे १ मिली), दुसऱ्यात फक्त नायट्रेट, तिसरा तसाच. ४८ तासांत पहिलाच उठला तर प्रश्न मिटला. पॉलिकार्बोनेटचे फ्लास्क वापरा, काचेतून सिलिका सुटते. पीएचही बघून ठेवा, दाट कल्चरमध्ये तो ९ च्या वर जातो.

घाटावरचा
सात दिवसांचं चक्र आधी सोडा. त्यात निम्मा वेळ पेशी उपाशी, म्हणजे निवड उष्णतेची नाही, उपासमारीची होतेय. वाढीचा दर (नैसर्गिक लॉगने काढलेला) दिवसाला १ असेल तर तीन दिवसांत वीसपट होतं. तेव्हाच १:२० करा. दर वेळी ४.३ पिढ्या (पेशी तितक्यांदा दुप्पट), ३०० पिढ्यांना ७० फेऱ्या, साधारण सात महिने. ३२ अंशांवर दर वेगळा निघाला तर पिढ्याही वेगळ्या मोजा.

एकाच फ्लास्कमधून चार वेळा मोजणं म्हणजे चार नमुने नव्हेत. प्रत्येक तापमानाला किमान चार स्वतंत्र वंशरेषा (सुरुवातीपासून वेगळी वाढवलेली कल्चरं) हव्यात, शेवटी सगळ्या दोन्ही तापमानांवर ताडून बघायच्या. आणि दर महिन्याला पेशींचा व्यास मोजा. डायटम विभागताना लहान लहान होत जातो, ऑक्झोस्पोर (पुन्हा मूळ आकार मिळवून देणारी पेशी) बनला की एकदम मोठा. हा बदल उत्क्रांतीच्या खात्यावर जमा करू नका. २८ च्या रेषा त्यासाठीच.

शेवाळी
सगळं एकत्रच घालत होते! आज तीन फ्लास्क लावले. आणखी एक: पावसाळ्यात पाणी कुठून आणायचं?

खारटपाणी
आणूच नका. जूननंतर क्षारता पडते, नद्यांचं सिलिकेट वाढतं, म्हणजे माध्यमच बदललं. एप्रिल-मेमध्ये वर्षभराचं एकदम आणा, गाळा, काळ्या कॅनमध्ये ठेवा, आणि त्यातलं मूळ सिलिकेट मोजून वहीत लिहा.